घोडनदीचा बाजार
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्याच ज्ञातीतील एका चित्रकला-शिक्षकांनी काढलेले हे जलरंगचित्र आजपासून सभागृहात लागावयाचे आहे. दोघा-तिघा बंधूंनी आम्हांस बाजूस घेऊन विचारले, “गुरांचा बाजार कशाला? आपली मुले आता इंजिनियर झाली.” प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे.

१७९० साली गंगाराम तांबटांनी पेशव्यांच्या पुण्यातील प्राणिसंग्रहातला गेंडा जलरंगांत चितारला. ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपले आहे. गेंड्याचे कौतुक झाले. ज्याने आपणांस पोसले त्या बैलाचे कोणी करावयाचे?

चित्र शिरूरच्या, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या भाषेत घोडनदीच्या, शनिवारच्या बाजाराचे आहे. भीमेपलीकडून दौंडकडची मंडळीही येथे जनावरे घेऊन येत. डावीकडे गिऱ्हाईक खिलार बैलाचे दात पाहत आहे. आदत, दुसा, चौसा की जुळलेला, यावर मोल ठरावयाचे. मध्यभागी दोघांचे हात उपरण्याखाली गेले आहेत. बोटे दाबून भाव होतो. भोवतीच्या गर्दीस काही कळत नाही. (त्यात दलालाचे भले किती आणि शेतकऱ्याचे किती, हे आज राहू द्या.)

आमची दृष्टी मात्र उजव्या कोपऱ्यात खिळली. तेथे एक म्हातारा रिकामे दावे मुठीत गुंडाळून पाठमोरा उभा आहे. बैल विकावा, दावे देऊ नये, ही आमच्या घरची रीत. १९७२ च्या दुष्काळात वैरण संपली. वडिलांनी जोडी याच बाजारात विकली, आणि ते दावे घेऊन पायी परतले. आईने काही न बोलता ते खुंटीस अडकविले. त्या पैशांतून आमची शाळेची फी भरली गेली. ही हकिकत आम्ही आमच्या मुलांस आजवर सांगितली नव्हती. आम्हांसही लाजच वाटे.

पुढे ट्रॅक्टर आले, गोठे रिते झाले. २०२२ साली लम्पी रोगामुळे राज्यातील गुरांचे बाजार काही काळ बंदच ठेवावे लागले. त्या दिवसांत आम्हांस ते दावे फार आठवले.

ज्या बंधूंनी प्रश्न केला, त्यांच्याच हस्ते हे चित्र भिंतीवर चढावे, अशी आमची विनंती आहे. दावे आम्ही सोबत आणले आहे. चिटणीसांनी चित्राखाली एक खुंटी तेवढी ठोकून द्यावी.