खटका सारखा पडतो, तेव्हा



पावसाला सुरुवात झाली की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. घरातला खटका सारखा पडतो. वर केला की दोन दिवस बरा, मग पुन्हा पडतो. आणि या तक्रारीला जोडूनच दुसरं वाक्य येतं, "वायरमन म्हणतो काढूनच टाकू, लाईन थेट जोडून देतो, कटकट मिटेल." आज आम्ही या 'थेट जोडून देतो' बद्दल बोलणार आहोत. त्याला नको का म्हणायचं, आणि नको म्हटल्यावर दोष शोधायचा कसा.

आधी तुमच्या मीटरशेजारचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा. त्यात बारीक बारीक खटक्यांची रांग असते, त्या एमसीबी. त्यांच्याशेजारी एक रुंद खटका असेल आणि त्यावर एक छोटं बटण, बटणावर इंग्रजी 'टी' अक्षर असेल, तर ती आरसीसीबी. जुने वायरमन तिला ईएलसीबीच म्हणतात. तुमच्या बोर्डात ही दुसरी नसेल तर तेवढं आजच पाहून ठेवा. कारण दोघींची कामं वेगळी आहेत.

एमसीबी वायरला सांभाळते. वायरीतून जास्त करंट गेला की वायर तापते, वरचं आवरण वितळतं, आग लागते; त्याआधी ती पडते. आरसीसीबी माणसाला सांभाळते. तिचं काम आपल्या बचत गटाच्या वहीसारखं आहे. जेवढा करंट घरात गेला तेवढा परत आला का, एवढंच ती बघते. मध्ये कुठे गळाला, म्हणजे ओल्या भिंतीतून, मोटारीच्या पत्र्यातून किंवा एखाद्या बाईच्या हातातून जमिनीत गेला, की हिशोब जुळत नाही आणि ती पडते. घरातली आरसीसीबी साधारण 30 मिलिअँपिअरची असते. सहा अँपिअरची एमसीबी त्याच्या दोनशेपट करंट बिनतक्रार जाऊ देते. म्हणून शॉक बसलेल्या माणसाला एमसीबी वाचवत नाही. 'आमच्या घरी खटके आहेत की' एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

आता शोध. पहिला प्रश्न, पडला कोणता? एमसीबी की टी-बटणवाली? दुसरा प्रश्न, कधी पडतो?

वर करताक्षणी एमसीबी धाडकन पडत असेल, तर बहुधा दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात, म्हणजे शॉर्ट आहे. उंदरानं कुरतडलेली वायर, फोटोसाठी भिंतीत ठोकलेला खिळा, जळालेला प्लग, बोर्डात शिरलेली पाल, यातलं काहीही असू शकतं. असा खटका पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. जळका वास आला, बोर्ड गरम लागला, तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

एमसीबी दहा-वीस मिनिटं चालून मग पडत असेल, तर भार जास्त झालाय. हे गणित घरीच करता येतं. आपल्याकडे 230 व्होल्टची लाईन. दहा अँपिअरची एमसीबी म्हणजे 2300 वॅट. इंडक्शन शेगडी 2000 वॅटची आणि पाणी तापवायचा रॉड 1500 चा. दोन्ही एकाच लाईनवर लावले तर 3500 झाले. एमसीबी बिचारी काय करेल? यात एमसीबी बिघडलेली नाही. एक वस्तू बंद करा, पाच-दहा मिनिटं तिला थंड होऊ द्या. आणि वर करताना खटका आधी पूर्ण खाली दाबा, मग वर न्या. काही खटके पडल्यावर मधेच अडकल्यासारखे राहतात. तिथूनच वर ढकलले तर टिकत नाहीत आणि आपल्याला वाटतं, खराब झाला.

ज्या गटांची घरघंटी आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळे सुरू करतानाच खटका पडू शकतो. दाणे भरून ठेवून मोटार सुरू करू नका. आधी रिकामी फिरू द्या, मग दाणे सोडा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तीच मोटार जास्त करंट ओढते आणि तापते, तेव्हा दळण सकाळवर ढकललेलं बरं. तरी पडतच असेल तर मोटारीसाठी 'सी' अक्षराची एमसीबी मिळते, वायरमनकडून तपासून घ्या. पण सोळाच्या जागी बत्तीसची मात्र बसवू देऊ नका. वायर तीच ठेवून एमसीबी मोठी केली, की आधी भिंतीतली वायर जळणार. जुन्या फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार भरणं हाही तोच प्रकार.

आता टी-बटणवाली पडत असेल तर. इथे घाई करू नका, कारण कुठेतरी करंट जमिनीत गळतोय. सगळ्या एमसीबी खाली करा. घरातले सगळे प्लग नुसते बंद न करता सॉकेटमधून उपसून काढा. बटण फक्त एक तार तोडतं, दुसरीतून गळती चालूच राहू शकते. इथेच बऱ्याच जणींचा शोध फसतो. हात कोरडे, पायात चप्पल. मग आरसीसीबी वर करा, एकेक एमसीबी वर करा. सगळ्या टिकल्या, तर एकेक वस्तू लावत चला. जी लावल्यावर पडेल ती चोर. आणि एकही प्लग लावलेला नसताना एखादी एमसीबी वर केल्यावर पडली, तर दोष त्या लाईनच्या वायरीत किंवा त्यावर कायम जोडलेल्या वस्तूत आहे, म्हणजे पंखा, गिझर, पाण्याची मोटार, गोठ्यातला किंवा अंगणातला दिवा. ती एमसीबी खाली ठेवा, बाकीचं घर चालू राहील. पुढचं उघडून बघणं वायरमनचं काम, आपलं नाही.

आमच्या एका श्रोत्या ताईंकडे रोज पहाटे पाचलाच आरसीसीबी पडायची. घरातले म्हणत, पहाटे व्होल्टेज वाढतं. वायरमन आला, त्यानं थेट जोडायची तयारीही केली. ताई म्हणाल्या, "थांबा भाऊ, आधी एकेक वस्तू बघू." पहाटे पाचला त्या घरात काय सुरू होतं? पाणी तापवायचा रॉड, लोखंडी बादलीत. रॉडला खालच्या बाजूला बारीक चीर होती. खटका काढला असता तर त्याच बादलीतलं पाणी घ्यायला सूनबाई हात घालणार होती, पोराला आंघोळ घालायला. नवा रॉड आणला आणि खटका पडायचा थांबला. रॉड चांगला असला तरी पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून प्लग काढायचाच, हे पोरांनाही सांगून ठेवा.

थेट जोडणारा म्हणेल, "काही होत नाही, गावात सगळ्यांकडे असंच आहे." त्याला सरळ सांगा, "दोष दाखवा, त्याचे पैसे देतो. खटका काढायचे देणार नाही." पुरुषमाणसं घरी नसताना हे बोलायला संकोच वाटतो, आम्हाला ठाऊक आहे. म्हणून गटातल्या दोघी-तिघींनी एकत्र उभं राहा. अर्थिंगची हिरवी तार तोडून तो उपाय म्हणत असेल तर तेही चालू देऊ नका. ती तुटली की खटका पडायचा थांबेलही, पण गळणारा करंट फ्रिजच्या, मोटारीच्या पत्र्यावर येऊन थांबेल, कुणाचा तरी हात लागेपर्यंत.

महिन्यातून एकदा ते टी-बटण दाबा. खटका पडला तर आरसीसीबी जिवंत आहे. नाही पडला तर ती बदलून घ्या. अमावास्येला दाबायचं ठरवलंत तर लक्षात राहील.

कपडे वाळत घालायची लोखंडी तार पत्र्याच्या शेडला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली असेल, तर ती आजच सोडा आणि नायलॉनची दोरी बांधा. पावसात पत्र्यावर करंट उतरला तर तो तारेवरून थेट ओल्या कपड्यापर्यंत येतो. कुणाला शॉक लागून चिकटलेलं दिसलं तर हात लावू नका. आधी मेन बंद, ते जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीनं तार बाजूला. हे घरातल्या वायरीपुरतं. खांबावरची तार तुटून पडली असेल तर काठीही लावायची नाही. लांब राहा, दुसऱ्यांना लांब ठेवा आणि 1912 वर कळवा.

अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्याला पाणी कधी आणि किती घालायचं, हे पुढच्या भागात सांगू. तोवर तुमच्या बोर्डात टी-बटण आहे की नाही, एवढं गटाच्या बैठकीत लिहून आणा.