किल्ली एकाची, पेटी सर्वांची



जुन्या घरात कोठीची आणि तिजोरीची किल्ली कर्त्या माणसाच्या कमरेला असे. सुनेने माहेरून आणलेली ट्रंकही त्याच घरात, त्याच माळ्यावर असायची. घर कर्त्याचे, माळा कर्त्याचा; तरी त्या ट्रंकेला हात लावणे त्याला शोभत नसे. आज मी बोलणार आहे ते अशाच एका पेटीविषयी. ही पेटी मात्र विजेवर चालते.

अलीकडे काही घरांतून ‘नॅस’ नावाची पेटी दिसू लागली आहे. तिच्यात बहुधा दोन हार्ड डिस्क असतात. एकीवरचे सारे दुसरीवरही उतरवून ठेवता येते. एक बिघडली तरी मजकूर शाबूत राहतो. ती राउटरला जोडली, की घरातला प्रत्येकजण आपले फोटो, कागदपत्रे तिच्यात ठेवतो. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, कप्पा वेगळा. पण पेटी मांडणाऱ्याच्या हाती मुख्य किल्ली असते. त्याला ‘ॲडमिन’ म्हणतात. तो इतरांचा पासवर्ड बदलू शकतो, साधा कप्पा उघडू शकतो. घरच्या माणसांना हे पुष्कळदा ठाऊकच नसते.

आमच्या घरी ॲडमिन मीच. एकदा जागा संपत आल्याची सूचना आली. कोणी किती जागा घेतली हे कप्पा न उघडताही कळते. तरी मी थोरल्या मुलीचा कप्पा उघडला. ती नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती. आत तिची रोजनिशी होती. दोन ओळी वाचल्या आणि बंद केली. पण रात्री जेवताना त्यातलेच काही तोंडून निघून गेले. तिने ताटावरून मान वर केली, बोलली काही नाही. दुसऱ्या दिवशी तिचा कप्पा रिकामा होता. सारे लिखाण तिने पेन ड्राइव्हवर नेले, आणि चार महिन्यांनी तो बिघडला. दोन वर्षांचे लिखाण गेले. मी पेटी आणली होती ती घरातले काही हरवू नये म्हणून!

तुम्ही म्हणाल, मालकाने मग पाहूच नये काय? पाहावे. डिस्क धड आहे का, जागा किती उरली, नकला निघतात का, हे पाहणे त्याचे कामच आहे. लहान मुलांवर नजर ठेवणे हेही आईबापांचे काम. पण ते मुलांना सांगून, चोरून नव्हे. मोठ्या माणसाचा कप्पा मात्र विचारल्यावाचून उघडू नये. शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या सामायिक संगणकावरही आपल्याला मुलांचे काय काय दिसते, ते पहिल्याच दिवशी वर्गात सांगावे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखाने निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये संसदेने डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. परंतु एखाद्याने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी हाताळलेली माहिती त्या कायद्याने वगळली आहे. म्हणजे हा कायदा आपल्या उंबऱ्याशी थांबतो. आतली रेघ आपली आपणच ओढायची.

त्यासाठी एक सोपी सोय आहे. आपले लिखाण आपल्याच संगणकावर एन्क्रिप्शनने कुलूपबंद करावे आणि मग पेटीत ठेवावे. ॲडमिनला ते वाचता येत नाही; नक्कल मात्र सुखरूप राहते. एवढेच, की हे कुलूप उघडणारा पासवर्ड विसरला तर मालकही काही करू शकत नाही. म्हणून तो कागदावर लिहून स्वतःजवळ जपून ठेवावा.

गेल्या दिवाळीत मुलीने पुन्हा कप्पा मागितला. आता तिचे कुलूप तिच्याकडे आहे. किती जागा व्यापली, एवढेच मला दिसते. मालकाला तेवढे पुरे.