विमानाच्या पोटाखाली

(जरीमरीच्या बाजूच्या एका वस्तीतल्या अभ्यासिकेत केलेलं भाषण. फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विमानाच्या आवाजावर बोलायला सांगितलंय. विषय ऐकून मागचे दोघंतिघं हसले. बरोबर आहे त्यांचं. नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, घर कधी तोडतील पत्ता नाही, आणि हा म्हणे आवाजावर बोलणार! आवाजाचं काय, सवय होते. माझी आईसुद्धा हेच म्हणायची. पण गावाला मावशीकडे गेली की ती ओरडूनच बोलायची. मावशी म्हणायची, अगं हळू, आम्ही काय बहिरे आहोत का? तेव्हा आई गप्प व्हायची. तिच्या सवयीचा अर्थ हा होता. तिचं हळू बोलणं गेलं ते गेलंच.

तर आधी आवाज येतो कुठून ते बघू. जेट इंजिन मागच्या तोंडातून गरम वायू जोरात फेकतं. तो वेगवान झोत बाहेरच्या शांत हवेला फाडत जातो, त्या फाडाफाडीचा आवाज. 1952 साली लाइटहिल नावाच्या इंग्रज गणित्यानं दाखवलं की झोताचा वेग दुप्पट केला तर आवाजाची शक्ती दुप्पट होत नाही, अडीचशे पटीच्या वर जाते. म्हणून जुनी जेटं कान फोडायची. नव्या इंजिनांचं तोंड मोठं असतं, बरीचशी हवा आतल्या भट्टीला वळसा घालून सावकाश बाहेर पडते. ती कमी ओरडतात. हे खरं आहे, खोटं कशाला बोला.

पण आपल्याकडे विमान उडत नाही, उतरतं. उतरताना इंजिन मंदावलेलं असतं. तेव्हाचा आवाज बराचसा खाली सोडलेल्या चाकांचा आणि पंखांच्या उघडलेल्या झडपांचा, त्यांच्यातून हवा घुसते त्याचा. इंजिन कितीही सुधारा, चाकं तर काढावीच लागतात.

(थांबा. जाऊ द्या त्याला.)

हं. आता हिशोब बघा. विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं. म्हणजे दर किलोमीटरला पन्नासेक मीटर. धावपट्टीच्या टोकापासून एक किलोमीटरवर ज्याचं घर, त्याच्या डोक्यावर ते साठ-सत्तर मीटरवर असतं. टॉवरवाल्यांच्या विसाव्या-बाविसाव्या मजल्याएवढं. विमानाला समोरून वारा लागतो, उतरतानाही आणि उडतानाही. मुंबईत वारा बहुतेक समुद्राकडून. म्हणून मोठ्या धावपट्टीवर विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून उतरतात, घाटकोपर, असल्फा, कुर्ला, जरीमरीवरून, आणि उडतात पार्ल्या-जुहूकडे. जुहूवाल्यांनाही त्रास आहे, नाही म्हणत नाही. पण त्यांच्याकडे सिमेंटचा स्लॅब आहे, दुहेरी काचेची खिडकी आहे, एसी लावून ती बंद करता येते. आपल्याकडे पत्रा. पत्रा आवाज अडवत तर नाहीच, वर स्वतः थरथरतो. वारा कोणाची जात विचारत नाही, पण वाऱ्याच्या वाटेवर पत्र्याखाली कोण राहतं ते काही वाऱ्यानं ठरवलेलं नाही.

आणि विमानं किती? 2018 साली मुंबईनं एका दिवसात हजाराच्या वर उड्डाणं-उतरणं करून दाखवली. पेपरांनी विक्रम म्हणून छापलं. विक्रम कोणाच्या डोक्यावर झाला ते कोणी छापलं नाही.

आता कायदा ऐका, गंमत आहे. 2000 सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम सांगतात, राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. म्हणून तर हळदीच्या रात्री दहा वाजले की पोलीस येतो आणि डीजे बंद करतो. ठीक आहे, करावा. पण 2018 साली केंद्र सरकारनं विमानतळाच्या आवाज-पट्ट्यासाठी वेगळी मापं काढली. गर्दीच्या विमानतळाला दिवसा 70, रात्री 65. माणूस तोच, झोप तीच, फक्त पट्टा बदलला. तुम्ही म्हणाल 45 आणि 65, वीसचाच फरक. डेसिबलची मोजणी तशी नसते. दहा वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. वीस वाढले की शंभरपट. शिवाय हा आकडा सरासरीचा. विमान पंधरा-वीस सेकंद डोक्यावर गरजतं आणि जातं, मधली शांतता त्यात मिसळून आकडा खाली आणतात. बाळ दचकून उठतं ते सरासरीनं उठत नाही, साल्यांनो!

जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच 2018 साली युरोपासाठी सांगितलं की रात्रीचा विमानाचा आवाज सरासरी 40 डेसिबलच्या खाली ठेवा. फ्रँकफर्टला 2011 पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियोजित उड्डाणं बंद आहेत. मुंबईहून युरोपाकडे जाणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकडे पोचायचं त्यांच्या सकाळी. रात्र वापरायची आपली.

शरीराचं काय होतं? युरोपातल्या विमानतळांजवळ झोपलेल्या माणसांचा रक्तदाब रात्रभर मोजला. 2008 साली त्याचे निष्कर्ष आले. विमान गेलं की दाब चढतो, जाग आली नाही तरी चढतो. म्हणजे तुम्ही म्हणता मला कळतसुद्धा नाही, तेव्हा तुमच्या रक्ताला कळत असतं.

पण मी आज आलोय ते पोरांसाठी. 2005 साली लंडन, ॲमस्टरडॅम आणि माद्रिदच्या विमानतळांजवळच्या शाळांतली नऊ-दहा वर्षांची पोरं तपासली. आवाज जितका जास्त, तितकी वाचून समजण्याची ताकद कमी. म्युनिकला 1992 साली जुना विमानतळ बंद झाला, दुसरीकडे नवा सुरू झाला. जुन्याजवळच्या पोरांचं वाचन आणि स्मरण सुधारलं. नव्याजवळच्यांचं घसरलं. याच्याहून सरळ पुरावा कोणता पाहिजे?

आणि 1980 साली छापलेलं लॉस एंजेलिसचं संशोधन मला झोपू देत नाही. तिथल्या विमानमार्गाखालच्या शाळांतल्या पोरांना कोडी दिली. ती पोरं कोडं लवकर सोडून देत होती. सुटत नाही म्हणून नाही, वेळ संपायच्या आतच हात टेकत होती. आपण काही केलं तरी आवाज थांबत नाही, हे पोर वर्गात रोज शिकतं. मग गणिताच्या पुढ्यातही तेच करतं.

माझी धाकटी बहीण नववीला नापास झाली. शाळेच्या बाई म्हणाल्या, तुमच्याकडची पोरं चिकाटीची नसतात, अभ्यासाचं वळणच नाही. मीसुद्धा तिला दोन थपडा मारल्या. बाई स्वतः दर विमानाला फळ्यापाशी थांबायच्या, मग कुठं होतो म्हणून विचारायच्या. एका तासात किती वेळा, हे कोणी मोजलं नाही. तिनं शाळा सोडली. आता तिची पोरगी पाचवीत आहे, याच पत्र्याखाली.

कोर्टात जा, असं वकील मित्र सांगतात. अमेरिकेत कॉझ्बी नावाचा कोंबड्या पाळणारा होता. लष्करी विमानं इतकी खालून जायची की कोंबड्या भिंतींवर आदळून मरायच्या, दीडशेच्या आसपास मेल्या. 1946 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. का? तर जमीन त्याची होती. आपल्याकडे जमीन कोणाची, हा पहिला प्रश्न विचारतील. कोंबडीवाल्याकडे सात-बारा होता असं समजा. आपण तीस वर्षं राहून अतिक्रमण.

म्हणून जमिनीच्या नाही, पोरांच्या बाजूनं घुसायचं. मागणी तीन गोष्टींची. शाळेला पत्रा नको, स्लॅब आणि बंद होणाऱ्या खिडक्या पाहिजेत. आवाज मोजायचं यंत्र वस्तीत बसवा आणि आकडे मराठीत बाहेर लावा, सरासरीचे नाहीत, एकेका विमानाचे. आणि रात्रीचे काही तास बांधून द्या. पण नुसता अर्ज नेला तर साहेब विचारेल, पुरावा? तेव्हा सोमवारपासून शाळेच्या वेळात फाटकाशी दोघांनी बसायचं. विमान आलं की वेळ लिहायची, शिकवणं किती सेकंद थांबलं ते लिहायचं. महिनाभर. वही टेबलावर ठेवली आहे, पेन बांधलेलं आहे. सकाळच्या पाळीला दोन नावं कमी आहेत.