शाळेचा खर्च कोणी सोसावयाचा?



आपल्या घरपट्टीच्या बिलात ‘शिक्षण कर’ अशी एक ओळ असते. १९६२ च्या कायद्याने ती आली. नगरपालिका तो कर वसूल करते आणि राज्याकडे भरते. आपल्या आळीतल्या शाळेचा त्या रकमेशी थेट संबंध राहत नाही. आता अशी कल्पना करा की, ज्या आळीची घरपट्टी त्याच आळीची शाळा. बंगल्यांच्या वस्तीत शाळा कशी होईल आणि चाळींच्या वस्तीत कशी होईल, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. अमेरिकेत ही कल्पना नव्हे, पुष्कळ अंशी रीत आहे.

तेथे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणून एक संस्था असते. हा आपला जिल्हा नव्हे. एकाच शहरात असे अनेक डिस्ट्रिक्ट असू शकतात. बहुतेक ठिकाणी त्याचे मंडळ लोक निवडून देतात, आणि हद्दीतल्या घरांवर, दुकानांवर, कारखान्यांवर कर बसवून शाळेचा मोठा खर्च भागवला जातो. राज्य भर घालते, केंद्र थोडेसे देते.

टेक्सस राज्यातल्या सॅन अँटोनियो शहराचे उदाहरण घेऊ. तेथे एजवुड हा डिस्ट्रिक्ट बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा, आणि अलामो हाइट्स सुखवस्तूंचा. १९६७-६८ सालचे आकडे न्यायालयाच्या निकालपत्रातच आहेत. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरांची, अलामो हाइट्समध्ये ४९,००० हून अधिक. कराचा दर मात्र उलटा! गरिबांनी शंभर डॉलरांमागे १ डॉलर ५ सेंट लावून घेतला होता, श्रीमंतांनी ८५ सेंट. राज्याच्या योजनेतला आपला वाटा भरून एजवुडच्या हाती दर मुलामागे २६ डॉलर उरले, अलामो हाइट्सच्या हाती ३३३. बरे, राज्याने ही तूट भरून काढली असेल म्हणाल, तर राज्याने एजवुडला २२२ दिले आणि अलामो हाइट्सला २२५! केंद्राचे धरून बेरीज झाली ती ३५६ विरुद्ध ५९४. ज्याने पदराला अधिक खार लावला, त्याच्याच मुलाच्या वाट्याला कमी आले.

मे १९६८ मध्ये एजवुडची मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. डिमेट्रिओ रॉड्रिग्ज या पत्राकाम करणाऱ्या कामगाराने इतर पालकांसह फिर्याद गुदरली. खालच्या कोर्टात ते जिंकले. परंतु मार्च १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल फिरवला. न्यायमूर्ती पॉवेल यांचे म्हणणे असे की, शिक्षण हा केंद्रीय घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि शाळेवर स्थानिक लोकांचा ताबा राहावा हा हेतू गैर नाही. थरगुड मार्शल यांनी विरुद्ध मत नोंदवले.

स्थानिक ताब्याची ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. आपण भरलेल्या पैशाचा हिशेब समोरच्या माणसाला विचारता येतो, मास्तर कसा शिकवतो हे पाहता येते. राजधानीतल्या कचेरीला विचारणार कोण? पण ज्याच्याजवळ पैसाच नाही त्याने ताबा चालवावयाचा तो कशावर? आपल्याकडे जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमके दुखणे मांडले होते : सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला.

टेक्ससची कथा १९७३ ला संपली नाही. राज्याच्या घटनेत सार्वजनिक मोफत शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था ठेवण्याचे बंधन आहे. त्या एका शब्दावर बोट ठेवून एजवुड पुन्हा कोर्टात गेले, आणि १९८९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. तोवर सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब डिस्ट्रिक्टच्या दरडोई मालमत्तेत सातशेपटींचे अंतर पडले होते. दोनतीन कायदे करून, मोडून, अखेर १९९३ मध्ये असा कायदा झाला की, ठरावीक मर्यादेपलीकडे ज्याची मालमत्ता आहे त्याने वरचा पैसा इतरांसाठी सोडावा. लोकांनी त्याला नाव दिले ‘रॉबिन हूड’. १९९५ मध्ये तो न्यायालयात टिकला.

आता गंमत पाहा. जमिनींचे भाव कडाडले, आणि राजधानीचे ऑस्टिन शहर या योजनेखाली सर्वांत मोठी रक्कम देणारे झाले. तेथल्या शाळांत गरीब घरची मुले थोडी नाहीत! इमारतींच्या किमती वाढल्याने भाडेकऱ्याचा खिसा भरत नाही. मुलांची गरज न मोजता जमीन मोजली की असे होते. टेक्ससमध्ये राज्याचा प्राप्तिकरही नाही, तेव्हा घरपट्टीवरचा भार हलवावयाचा तरी कोठे? तेथील विधिमंडळाचे नियमित अधिवेशन वर्षाआड भरते, आणि शाळांच्या पैशाचा वाद तेथे पुनःपुन्हा उभा राहतो.