एका सेंटच्या २९५ तऱ्हा
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला छंदावर बोलायला सांगितलं आहे. माझा छंद थोडा विचित्र आहे. अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या एक सेंट नाण्यांतले बारीक फरक मी शोधतो. माझ्याजवळची नाणी थोडीच आणि झिजलेली. बाकीची मी पुस्तकांतल्या छायाचित्रांतून पाहतो. बँकेत पस्तीस वर्षं चेकवरच्या सह्या नमुन्याशी ताडल्या, ती सवय काही जात नाही!

ही नाणी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडली. त्यांवर १७९३ ते १८५७ पर्यंतची सालं आहेत, फक्त १८१५ नाही. आकारानं आपल्या चांदीच्या जुन्या रुपयाच्या जवळपास. सुरुवातीच्या काळात पोलादी ठशावर अक्षरं, आकडे, पानं एकेक करून हातानं ठोकत. त्यामुळे एकाच सालाच्या दोन ठशांत कुठं अक्षर खाली सरकलेलं, कुठं पान वाकडं. ठसा तडकला, तर तो तडा नाण्यावर उंच रेघ होऊन उमटे.

पहिल्या सेंटवर पंधरा राज्यांसाठी पंधरा कड्यांची साखळी होती. स्वातंत्र्य मिळवलेल्या देशाच्या नाण्यावर साखळी? लोक कुरकुरले. त्याच वर्षी साखळी जाऊन पानांचा हार आला. त्या साखळीवाल्या एका ठशावर 'अमेरिका' पुरतं न लिहिता 'अमेरि.' एवढंच आहे! १७९४ च्या एका प्रकारावर कडेनं ९४ चिमुकल्या चांदण्या आहेत. १७९६ च्या एकावर 'लिबर्टी'तला 'बी' आधी उलटा ठोकला, मग सुधारला. तो आता 'एच'सारखा दिसतो. आणि १८०१ च्या एका ठशावर तर तीन चुका. हाराचा एक देठ गायब, 'युनायटेड'च्या 'यू'चे दोन सुटे दांडे, आणि एक शतांशाऐवजी एक छेद शून्य शून्य शून्य. छेदात शून्य! आमच्या लेजरमध्ये असं निघालं असतं, तर ऑडिटरनं रात्री घरी सोडलं नसतं.

आपल्याकडचाही एक धागा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे १७९१ आणि १७९४ चे मुंबई इलाख्याचे तराजूवाले तांब्याचे पैसे बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यात पाडले होते. पुढे त्याच बोल्टनच्या कंपनीकडून फिलाडेल्फियाला सेंटसाठी कोऱ्या चकत्या जात.

हे सगळे फरक लावून ठेवले कुणी? १८६९ मध्ये डॉ. एडवर्ड मॅरिस यांनी १७९४ च्या प्रकारांवर पुस्तक काढलं. एका प्रकाराला त्यांनी चक्क 'दुहेरी हनुवटी' असं नाव दिलं. १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानं १७९३ ते १८१४ च्या सेंटना क्रमांक दिले, ते २९५ पर्यंत जातात. नाण्याची प्रत ठरवणारी त्यांची १ ते ७० ची मोजपट्टी आज जगभर वापरतात.

आता मुख्य मुद्दा. या शेल्डननीच न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट काढून घेतली आणि तिथं त्याच प्रकाराची हलकी नाणी ठेवली. क्रमांक तोच, त्यामुळे कुणाला शंका नाही. १९७७ मध्ये ते वारले, त्यानंतर हे उघड झालं. कसं? प्रकार तोच असला तरी प्रत्येक नाण्याचा ओरखडा आणि डाग वेगळा. जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं, आणि बिंग फुटलं. संस्थेला कोर्टात जावं लागलं.

म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त कळत होतं, त्याच्यावर कुणी नजर ठेवली नाही. बँकेत तिजोरीच्या दोन चाव्या दोघांकडे असतात, आपल्या सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात, त्या उगीच नाहीत. तो अविश्वास नव्हे. चांगल्या माणसाचंही त्यात रक्षण आहे. पंचवीस वर्षांत कधी सही करायला थांबावं लागलं म्हणून कुणी रागावलं असेल, तर आता राग सोडावा.

शेवटी एक विनंती. घरात आजोबांच्या डब्यात जुनी नाणी असतील, तर चिंच लावून घासू नका, किंमत जाते. प्रत्येकाचा फोटो काढा, कुठून आलं ते वहीत लिहा आणि वही कुठं ठेवली ते मुलांना सांगा. खात्याला आपण नॉमिनी लावतो, माहितीलाही लावावा. नाहीतर आपल्यामागे ती तांब्याच्या भावानं जातील.