गजेंद्राची हाक
(वर्धापन महोत्सवातील प्रवचन)



श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्राची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. सरोवरात नक्राने पाय धरला. गजेंद्राने आपले सारे बळ वेचले. कळपातील सोबत्यांनी ओढून पाहिले. वर्षानुवर्षे झुंज चालली, आणि पाण्यातल्या शत्रूचे बळ वाढत गेले व याचे घटत गेले. तेव्हा त्याने सोंडेत कमळ धरून भगवंताला हाक मारली. येथवरची कथा सर्वांस ठाऊक असते. परंतु त्या स्तुतीत तो काय मागतो, तिकडे आपले लक्ष जात नाही. ‘मला जगव’ असे तो म्हणत नाही. या हत्तीच्या देहात जगून काय करावयाचे, असे तो म्हणतो. आणि मागतो ते आत्म्यावरील अज्ञानाच्या आवरणापासून सुटका. संकट पायाशी असताना मागणे मात्र संकटापलीकडचे! खरी प्रार्थना ती हीच.

ही गोष्ट केवळ पुराणातली नव्हे. सोळाव्या शतकात गोमंतकातील आपल्या पूर्वजांवर असाच प्रसंग गुदरला. १५४० पासून तिसवाडीतील देवळे पाडली गेली. साष्टी व बारदेश १५४३ साली पोर्तुगीज सत्तेखाली गेले. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. प्रतिकाराचे बळ नव्हते. त्या लोकांनी देवापाशी किती धावा केला असेल! तरीही देवळे वाचली नाहीत. मग त्यांची प्रार्थना वाया गेली काय? हा प्रश्न टाळून श्रद्धेच्या गोष्टी बोलणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर त्यांच्या आचरणातच आहे. १५६० साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून अघनाशिनीपार, पोर्तुगीज सत्तेबाहेरील अंत्रुज महालात प्रियोळ येथे नेण्यात आले. त्याच दशकात श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. घर, शेत, कुळागर मागे राहिले. देव बरोबर घेतला. ज्यांना सर्वच नेता येत नव्हते, त्यांनी काय न्यावे याचा निवाडा त्या घोर प्रसंगी अचूक केला. हा विवेक हेच प्रार्थनेचे फळ होय. भयाने गांगरलेला मनुष्य हाती लागेल ते उचलतो. शरण गेलेला मनुष्य सार उचलतो.

शरणागती म्हणजे हातपाय गाळणे, असा एक गैरसमज आहे. नदी उतरणाऱ्यांनी हात जोडले आणि त्याच हातांनी देवाची पालखी उचलली. वरवर पाहता त्यांनी देवाला वाहून नेले. वास्तविक देवानेच त्यांना पैलतीरी नेले. कवळे येथील श्रीगौडपादाचार्य मठाचे पूर्वीचे स्थानही साष्टीतलेच. ते स्थान उद्ध्वस्त झाले. परंपरा मात्र अखंड राहिली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कुंकळ्ळीची श्रीशांतादुर्गा फातर्प्यास गेली. तथापि दरवर्षी शिमग्याच्या दिवसांत छत्र्यांच्या मिरवणुकीने ती आपल्या मूळ गावी येते, आणि त्या सोहळ्यात गावचे ख्रिस्ती बांधवही सामील होतात. प्रार्थनेने द्वेष धरला नाही, म्हणून ही वाट शतकांनंतरही मोकळी राहिली.

आपल्यापैकी कोणाच्या पायाला आज आजाराची, कोणाच्या कर्जाची, कोणाच्या वियोगाची मगरमिठी बसली असेल. ती सुटावी म्हणून अवश्य प्रार्थना करावी, औषध घ्यावे, प्रयत्न करावा. मात्र तेवढेच मागून थांबू नये. ‘देवा, हे टळो वा न टळो, तुला सोडण्याची बुद्धी मला होऊ देऊ नकोस,’ एवढे पुढे जोडावे. हे मागणे भगवंताने कधी नाकारलेले नाही.

तीच बुद्धी श्रीगुरुकृपेने आपणां सर्वांस लाभो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.