धोरणाची चिकित्सा आणि सैनिकाचा सन्मान



अहिंसा हा ज्या समाजाचा परमधर्म, त्याने सैनिकाचा सन्मान कसा करावा, हा प्रश्न नवा नाही. जैन परंपरेने हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार मानले. संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा त्याज्य. मात्र संरक्षणार्थ नाइलाजाने घडणाऱ्या विरोधी हिंसेचा संपूर्ण त्याग गृहस्थाला सांगितलेला नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या काळात भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात आले आणि मराठवाडा मुक्त झाला. त्या कारवाईचा हेतू भोकरमध्ये कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

परंतु ज्या युद्धाचा हेतूच वादग्रस्त ठरला, त्यातील सैनिकाचे काय? २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने यांनी कोलंबो येथे करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. शांततेसाठी गेलेल्या या सेनेला ऑक्टोबरपासून लिट्टेशी लढावे लागले. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली, तोवर सुमारे १२०० जवान धारातीर्थी पडले होते. मद्रास येथील स्वागताला तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी उपस्थित राहिले नाहीत.

याच मोहिमेत, २५ नोव्हेंबर १९८७ रोजी, मुंबईत जन्मलेले व ८ महार बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागूनही अखेरच्या श्वासापर्यंत जवानांना आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान झाले. सेना कोठे धाडावी, हे त्यांनी ठरविले नव्हते. दिलेले कर्तव्य त्यांनी प्राणपणाने पार पाडले.

येथे विवेक हवा. चोख व्यापारी दोघांची खाती एकत्र करीत नाही. धोरणाचे खाते राज्यकर्त्यांचे, शौर्याचे सैनिकाचे. धोरणातील तोटा सैनिकाच्या नावे टाकणे हा अन्याय. आणि सैनिकाच्या शौर्याची जमा दाखवून धोरणाचा हिशेब टाळणे, हीदेखील लबाडीच. युद्ध कशासाठी, असे विचारणारा नागरिक सैनिकाचा अवमान करीत नाही. उलट त्याचे प्राण स्वस्त नाहीत, हेच तो सांगत असतो.

म्हणून एखादा माजी सैनिक पेढीची पायरी चढला, तर त्याचे युद्ध योग्य की अयोग्य, हे विचारण्यापूर्वी त्याला मानाने बैठकीवर बसवावे आणि मग बोलते करावे. युद्धाचे मोल त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? अहिंसेच्या बाजूने त्याच्याहून अधिकारी साक्षीदार मिळणे कठीण.

जय जिनेन्द्र.